चंद्रहास टॉकीजमधला बस्ता

सयाजी पवारांना घेऊन दुकानात जायचं म्हणजे घरच्यांच्या अंगावर काटा येत असे. माणूस तसा साधा. भाव पाडायला बसायचा नाही, चहाची वाट बघायचा नाही. पण दुकानात पाऊल टाकलं की त्याची नजर मालावर म्हणून जायची नाही. ती भिंतींवरून फिरायची, छताला लागायची, फरशीच्या सांध्यांत शिरायची, आणि पाच मिनिटांत निकाल बाहेर पडायचा.

"हितं आदी पिठाची गिरण हुती."

पलूसच्या मेडिकलमध्ये औषधं मागायच्या आधी त्यांनी तिथल्या मुलीला सांगितलं होतं की, तुझ्या पाठीमागं न्हाव्याचा आरसा होता, खिळ्यांची भोकं अजून दिसतायत. सांगलीत मोबाईल घ्यायला गेले तर काउंटरच्या खाली वाकून म्हणाले, हा उसाच्या चरकाचा पाया आहे, वर कितीबी काच लावा. मोबाईल राहिला बाजूला, दुकानदार आणि ते दोघंही पायाला हात लावून बघत बसले. हे वेड त्यांना नोकरीनं लावलं होतं. तेहतीस वर्षं त्यांनी विजेच्या मीटरचं रीडिंग घेतलं. मीटर कधी दर्शनी जागेत नसतो, तो असतो सगळ्यात मागं, जिन्याखाली, पोत्यांच्या आड. त्यामुळं दुकानाचं पोट त्यांनी आधी बघितलेलं असायचं आणि तोंड नंतर. दहातले आठ अंदाज बरोबर निघत. उरलेल्या दोनांचा विषय ते काढत नसत. आणि एक तत्त्व त्यांनी कसोशीनं पाळलं होतं: कुणाला विचारायचं नाही. विचारून कळलं तर त्यात सयाजी पवारांचं काय राहिलं?

घरच्यांनी हे सगळं सोसलं असतं, पण साखरपुड्यात घात झाला.

साक्षी ही त्यांची एकुलती एक पोर. सांगलीत एका लॅबमध्ये रक्ता-बिक्ताच्या तपासण्या करायची. साताऱ्याकडच्या शिवतेजशी तिचं जमलं, म्हणजे आधी त्या दोघांचं जमलं आणि मग घरच्यांनी जमवल्यासारखं केलं. शिवतेजचे वडील लालासाहेब म्हणजे फौजेतले निवृत्त सुभेदार, मिशी अशी की बोलणाऱ्याला आधी तिच्याकडं बघूनच घसा साफ करावा लागे. आई सुलाबाई मानापानाला कडक. साखरपुडा शिराळ्याजवळच्या एका नव्या कार्यालयात ठेवला होता. पंगत बसली, वाढप झालं, सयाजीराव आग्रह करत फिरत होते, आणि फिरता फिरता त्यांची नजर भिंतीवर गेली. भिंत कमरेपर्यंतच जुनी होती, वरची नवी. पत्र्याला ओळीनं टांगायचे लोखंडी आकडे. सयाजीरावांच्या तोंडून भर पंगतीत निघून गेलं, "आरं तिच्या! ह्यो तर कोंबड्यांचा शेड!"

आणि तेवढ्यावर थांबतील तर शपथ. खाद्याची भांडी कुठं टांगत, पिल्लं कुठं ठेवत, सगळं त्यांनी हात करून करून दाखवलं. अर्धी पंगत उठली. सुलाबाई हात धुता धुता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "येवढ्या लांबनं आमाला खुराड्यात जेवाया बोलिवलं व्हय?" लालासाहेबांच्या हातात गुलाबजाम होता. तो त्यांनी परत वाटीत ठेवला, आणि त्या ठेवण्यातच सगळं आलं.

मग तीन आठवडे साताऱ्याहून फोन नाही. साक्षी जेवायची नाही, नीट बोलायची नाही. सयाजीरावांना पहिल्यांदाच स्वतःच्या जिभेचा राग आला. शेवटी शिवतेजनं आईची समजूत घातली आणि बस्त्याची तारीख ठरली. सातारकरांना आणि पलूसच्या पवारांना सारखंच पडावं म्हणून कऱ्हाड. दुकान, मयूरपंख वस्त्रदालन.

गाडी कऱ्हाडात शिरली तशी साक्षीनं बापाचा हात धरला.

"आबा, माझ्या गळ्याला हात लावा."

"कशापायी?"

"आज हितं काय हुतं, तितं काय हुतं, एक शब्द बोलायचा न्हाई. बोललासा तर ह्ये लगीन ऱ्हात न्हाई. सुलाकाकी निस्ती निमित्त शोधत्यात."

सयाजीरावांनी पोरीच्या गळ्याला हात लावला. म्हणाले, "न्हाई बोलत. तुझी आण." आणि त्यांनी ते अगदी मनापासून म्हटलं.

मयूरपंख दुकान तीन मजली होतं. पुढून सगळी काच, दारात ताकाचे ग्लास घेऊन एक म्हातारा उभा. त्याच्या खिशावर भाऊसो अशी पट्टी लावली होती. सयाजीरावांनी ताक घेतलं, आत चार पावलं टाकली आणि त्यांच्या गुडघ्याला चढ लागला. जमीन चढत होती. अगदी हलकी, डोळ्याला दिसू नये अशी. छत अवाढव्य उंच. बाजूच्या भिंतींना एकही खिडकी नाही. सयाजीरावांच्या मेंदूत घंटा वाजली. टॉकीज! हे शंभर टक्के टॉकीज होतं. त्यांनी ताकाचा ग्लास तोंडाला लावला आणि रिकामा झाला तरी तोंडापासून काढला नाही.

बायका गाद्यांवर बसल्या. एकेक साडी उलगडून पडायला लागली. शिवतेज वरच्या मजल्यावर कोट घालून बघायला गेला. उरले दोन बाप. त्यांना समोरासमोर दोन खुर्च्या दिल्या होत्या. लालासाहेब छताकडं बघत होते. सयाजीराव स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होते, कारण दुसरीकडं कुठंही बघितलं की जीभ वळवळत होती. पाऊण तासात दोघांत एवढंच बोलणं झालं:

"ऊन लय हाय."

"व्हय."

दीड तासानं शालू पसंत झाला. गर्द जांभळा, काठाला मोर. साक्षीनं तो खांद्यावर टाकला आणि सुलाबाईंनी मान तिरकी करून बघितलं. नाव ठेवायला त्यांना काही सापडलं नाही. दुकानाचा मॅनेजर हात चोळत पुढं आला. "चला, आता बस्ता पूजन करून घेऊ. आपल्याकडं त्यासाठी खास जागा केलेली आहे."

आपल्याकडं बस्ता म्हणजे नुसती कपडेखरेदी नव्हे. पहिला शालू देवापुढं ठेवून हळदकुंकू वाहिल्याशिवाय तो नवरीच्या अंगाला लागत नाही, आणि तिथं जे होतं तेच पुढं संसारात उतरतं असं बायका मानतात. सयाजीराव कौतुकानं त्या खास जागेकडं वळले. दाराजवळच डाव्या हाताला एक कोनाडावजा खोली होती. लक्ष्मीची तसबीर, समई, कागदी झेंडूच्या माळा. आणि सयाजीरावांना बाकीचंही दिसलं.

जमिनीपासून वीतभर उंच पायरी. पडद्यामागं छातीएवढ्या उंचीपर्यंत पांढऱ्या टाइल्स. कोपऱ्यात पाणी जायची लोखंडी जाळी. आणि वर, छताला चिकटून, वास बाहेर जावा म्हणून ठेवलेला झरोका.

टॉकीजमध्ये शिरलं की डाव्या हाताला काय असतं, हे सयाजीरावांना सांगायला कुणी नको होतं. पोरीचा शालू, देवाचा शालू, मुतारीत पुजणार! बोलावं तर लग्न मोडतं. गप्प बसावं तर पोरीच्या संसाराची सुरुवात अशा जागी होते, आणि ते सगळ्या जगात एकट्या बापाला माहीत. उभ्या जन्मात त्यांना एवढं अवघड कधी वाटलं नव्हतं.

"थांबा!" ते ओरडले. सगळे वळले. सयाजीरावांनी समोर हाताला लागली ती साडी उचलली. "ही... ही बघितलीसा का? ही बी झ्याक हाय की."

साडी पोपटी होती आणि तिच्यावर लाल केळी होती.

"आबा," साक्षी दातांतल्या दातांत म्हणाली, "शालू ठरलाय."

"न्हाई, पर घाई काय हाय? सावकाश बघा. दिस मोप हाय."

मनुबाईंनी, म्हणजे सयाजीरावांच्या बायकोनं, कपाळाला हात लावला. चाळीस वर्षांत या माणसानं साडीकडं वर मान करून बघितलं नव्हतं. पण खरं नवल पुढंच होतं. लालासाहेब खुर्चीतून उठले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पाव्हणं म्हंत्यात त्ये बरूबर हाय. आजून धा-पाच बघा. लगीन काय रोज हुतं व्हय?"

सुलाबाई नवऱ्याकडं बघतच राहिल्या. अर्ध्या तासापूर्वी हाच माणूस घड्याळ दाखवून आवरा आवरा करत होता. पण गाद्यांवर बसलेल्या बायकांना अजून साड्या बघा म्हटल्यावर किती वेळ नको म्हणणार? पुन्हा गठ्ठे उलगडले. लालासाहेबांनी सयाजीरावांच्या दंडाला धरलं आणि त्यांना जिन्याखाली नेलं.

"पाव्हणं, येक इचारू? राग मानू नगासा."

"इचारा की."

"त्या पूजेच्या जागंत तुमाला काय दिसतंय का?"

सयाजीरावांनी टोपी सारखी केली. "मला बोलाया येत न्हाई. पोरीची आण घेतलीया."

लालासाहेबांनी क्षणभर विचार केला. फौजेत असल्या अडचणींवर तोड काढायचं शिकवलेलं असावं. "बोलू नगा. मी इचारतो, तुमी मान हलवा. मान हलवायची आण घेतलीया का?"

"न्हाई. तेवढं न्हाई."

"ही टॉकीज हुती?"

सयाजीरावांची मान हलली.

"चंद्रहास टॉकीज. चौऱ्याऐंशी साली रजेवर आलतो तवा येकदा बघितली हुती. अंधार हुता, ध्यानात काय ऱ्हायलं न्हाई. बरं, ती पायरी बघितलीसा? टायली? जाळी?"

मान तीनदा हलली.

लालासाहेबांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला. "मुतारी?"

सयाजीरावांची मान अशी जोरात हलली की टोपी पडता पडता राहिली. आणि त्यांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं घरात, गावात, ऑफिसात लोकांनी त्यांची टिंगल केली होती, आणि आज कुणीतरी तेच बघत होतं जे ते बघत होते.

"मला आत पाय टाकल्याबरुबर वास... म्हंजे वास न्हाई, पर कळलं," लालासाहेब म्हणाले. "आन् खरं सांगू? त्या दिवशी कोंबड्यांचा शेड बी मी वळाकला हुता. तुमच्या आदी. वर आकडं दिसलं तवाच."

"मग बोललासा कसं न्हाई?"

"गुलाबजाम लय ग्वाड हुतं. म्हटलं खाऊन झाल्यावर सांगू. तवर तुमी सांगून मोकळं!" त्यांच्या मिशीखाली ओठ जरा फुरंगटले. "मला त्येचाच राग आला हुता. बाकी कशाचा न्हाई. पर आमच्या हिला वाटलं, मी तिच्यावानीच चिडलोय. आन् आता हिनं मलाबी तंबी दिलीया, बस्त्यात वाकडं बोललासा तर घरात पाऊल टाकू नगा म्हणून."

मग लालासाहेबांमधला सुभेदार जागा झाला. पूजा थांबवायची नाही, जागा बदलायची. कुठं? दारातनं आत आलं की समोर, पार शेवटाला, एक प्रशस्त मोकळी जागा होती. वर प्लास्टरची कमान, खाली कुंड्या. टॉकीजमध्ये समोर शेवटाला काय असतं? पडदा. पडदा म्हणजे सगळ्यात चांगली जागा. सयाजीरावांची मान पुन्हा हलली. त्या गडबडीत त्यांच्या गुडघ्यानं मघाशी सांगितलेली गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नाही.

लालासाहेब बायकांसमोर जाऊन उभे राहिले. "आमच्यात दक्षिणंकडं तोंड करून पूजा करत न्हाईत. ती जागा चालायची न्हाई. पूजा तिकडं, त्या कमानीखाली."

"आवं, कवापासनं तुमाला दिशा कळाया लागल्या?" सुलाबाई म्हणाल्या.

"बरूबर हाय त्येंचं," सयाजीराव म्हणाले. "आमच्यातबी दक्षिण न्हाई चालत."

ही दक्षिण आहे का उत्तर, हे दोघांनाही माहीत नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "अहो, ही जागा पूजेसाठीच..." लालासाहेबांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. मॅनेजरनं स्वतः समई उचलली. ताक देणारा भाऊसो मात्र लगबगीनं पुढं आला.

"सायेब, तितं नगं. माझं आयका..."

"तुमी नारळ आणा," लालासाहेब म्हणाले.

"आवं पर सायेब, मी काय म्हंतो..."

"नारळ!"

भाऊसोनं सयाजीरावांकडं बघितलं. सयाजीरावांनीही हातानं, जा जा, अशी खूण केली. म्हातारा मान हलवत नारळ आणायला गेला.

कमानीखाली चौरंग मांडला, शालू ठेवला, पाच सवाष्णींनी हळदकुंकू वाहिलं. साक्षी पाया पडायला वाकली. उठली तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू होतं, नाकावरही थोडं सांडलं होतं, आणि ती तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली. सुलाबाईंनी पदरानं तिचं नाक पुसलं. मग त्या मनुबाईंकडं वळून म्हणाल्या, "ईनबाई, मी उगं मनात किंतू धरून बसले हुते. तुमची माणसं देवाधर्माची हायती वो. दिशेचंबी कळतंय त्येंस्नी." मनुबाईंनी हात पुढं करून सुलाबाईंना कुंकू लावलं. दोघींनी एकमेकींचे हात धरले, आणि त्या हात धरण्यात लग्न पक्कं झालं.

सयाजीरावांची छाती फुगली. लालासाहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. दोघं चहा घ्यायला त्या दाराजवळच्या, रिकाम्या झालेल्या खोलीपाशी बसले. भाऊसोनं चहा दिला, पण तो हलेना.

"बोल की आता," लालासाहेब खुशीत म्हणाले. "मगाधरनं काय सांगायचं हुतं?"

"काय सांगू? सांगत हुतो तवा कुणी आयकलं न्हाई. मी ह्याच टॉकीजात डोअरकीपर हुतो. येकतीस वर्सं." भाऊसोनं त्या खोलीकडं हात जोडले. "दर शुकीरवारी नव्या पिच्चरची पेटी आली की पैल्यांदा हितं आणायची. पडद्याच्या पायाशी ही देवाची खोली. हितं नारळ फुटल्याबिगर पैला शो सुरू हुयाचा न्हाई. ती जाळी नारळाच्या पाण्याला. टायली कुकू-हळद पुसाया. आन् वर झरोका उदाच्या धुराला. मालकानी म्हणूनच पूजेला हीच जागा ठिवली."

सयाजीरावांचा कप बशीत खडखडला. "पडद्याच्या पायाशी? पडदा तर तिकडं समोर..."

"न्हाई वो. आता दार हाय तितं पडदा हुता. टॉकीजचं दार पल्याडच्या बोळात. दुकान करताना समदं उलटं फिरवलं. जमीन चढतीया, कळलं न्हाई का? पडद्याकडं जाताना उतार असतो."

सयाजीरावांच्या गुडघ्यात कळ आली. लालासाहेबांनी मिशीचं एक टोक तोंडात घातलं होतं.

"आन् कमानीखाली... आता पूजा केली तितं?" सयाजीरावांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला विचारलं.

भाऊसोनं जमिनीकडं बघितलं. "जंट्सची. वळीनं आठ हुत्या. इंटरवलला लाइन लागायची."

लालासाहेबांनी मिशी तोंडातून सोडली आणि विचारलं, "ह्ये कुणाकुणाला म्हाईत हाय?"

"जुन्यातला मीच येकटा ऱ्हायलोय. आन् आता तुमी दोगं."

तेवढ्यात साक्षी आली. शालू खांद्यावर, मागं सुलाबाई, मनुबाई आणि कोट घालून उतरलेला शिवतेज. साक्षी बापापाशी खाली बसली आणि तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"आबा, आज तुमी शब्द पाळलासा. मला म्हाईत हाय किती जड गेलं असंल ते. मगाशी ती केळ्याची साडी उचललीसा तवाच कळलं." ती हसली. "जावा, सोडली आण. सांगा आता. हितं काय हुतं?"

"सांगा की पाव्हणं," सुलाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चक्क गोड होता. "आमीबी आयकतो."

सगळे त्यांच्याकडं बघत होते. एवढ्या वर्षांत सयाजीरावांना असं कुणी कधी विचारलं नव्हतं. इतरांनी विचारावं आणि आपण सांगावं, ही त्यांची किती जुनी हौस होती ते त्यांनाही आत्ताच कळलं. ते म्हणाले, "टॉकीज हुती, बाळ. चंद्रहास."

"आय्या! आन् तितं? माझ्या शालूची पूजा केलीसा तितं काय हुतं?"

भाऊसो कप गोळा करायचा थांबला. सयाजीरावांनी पोरीच्या कपाळावरचं कुंकू बघितलं, नाकावरचा पुसून राहिलेला लाल डाग बघितला. बरोबर उत्तर त्यांच्या जिभेवर होतं, आणि या वेळी तो नुसता अंदाज नव्हता.

"तितं पडदा हुता," ते म्हणाले. "लय मोठा. समद्या लोकांची नजर तितंच लागायची."

"खरं?"

"मी बघितलाय," लालासाहेब ठासून म्हणाले. "चौऱ्याऐंशी साली."

साक्षी मान वळवून कमानीकडं बघत राहिली. भाऊसोनं कप उचलले आणि व्याह्यांसाठी, न मागता, आणखी दोन चहा आणायला गेला.